नऊ थरांचं पापलेट

ताहेर सुट्टीवर घरी आला त्याला महिना होत आला होता आणि या महिन्याभरात त्याच्या पोटच्या पोरीनं त्याला एकदाही तोंडावर अब्बा म्हटलं नव्हतं. फोनवर म्हणायची. फोनवर तर ती त्याचं डोकं खायची. तो शारजात असताना रोज संध्याकाळी शाळेत कोण पडलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, मोहल्ल्यातल्या मांजरीला किती पिल्लं झाली, सगळं सांगायची आणि दर वाक्याला अब्बा लावायची. आणि आता तोच अब्बा तीन बॅगा, एक जाडजूड ब्लँकेट आणि थोडं पुढे आलेलं पोट घेऊन पनवेलच्या घरात दाखल झाला, तर पोरगी त्याला बघून पडद्यामागे.

आयतचं तरी काय चुकत होतं म्हणा. तिला समज आल्यापासून तिचा बाप एका चौकोनात राहत होता. तो चौकोन अम्मीच्या फोनमध्ये होता आणि त्यात चेहरा होता, फार तर खांदे. दोन वर्षांनी एकदा पंचेचाळीस दिवसांसाठी तो यायचा खरा, पण गेल्या खेपेला ती सहा वर्षांची होती आणि पोरं इतकं कुठे लक्षात ठेवतात. आता आठ पुरी होणार होती. तो चेहरा एकाएकी हातपाय लावून सोफ्यावर बसलाय, नाश्त्याला दोन अंडी खातोय आणि रिमोट मागतोय, हे तिला जरा जास्तच वाटत होतं. त्याच्याशी काही बोलायचं झालं तर ती शरीफाच्या मार्फत बोलायची. "अम्मी, त्यांना सांग पंखा बारीक करा." ते पंख्याखालीच बसलेले असायचे.

चौथ्या दिवशी ताहेरला इलाज सापडला. तो खाली दूध आणायला गेला होता आणि कोणतं दूध हे विचारायला त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. फोन आयतनं उचलला. त्याचा चेहरा चौकोनात बघितल्याबरोबर पोरगी फुलली, अब्बा अब्बा करत वीस मिनिटं बोलली आणि दूधवाला दुकान बंद करायला निघाला तरी थांबेना. तेव्हापासून या माणसानं रोज संध्याकाळी चपला घालायच्या, जिन्यात जाऊन बसायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्याच घरात फोन करायचा असा नेम धरला. बोलणं झालं की तो वर यायचा, दार आयत उघडायची आणि आत वळून सांगायची, अम्मी, ते आले.

हे जिन्यातलं बोलणं कमळाकर शेठच्या कानावर न जातं तरच नवल. इमारत उभी होती ती मुळात त्यांच्या भाताच्या शेतावर. तळमजल्याचे दोन फ्लॅट त्यांनी स्वतःला ठेवले होते आणि जिन्यानं कोण येतं, कोण जातं, काय बोलतं यावर नजर ठेवणं हा जमिनीबरोबर न विकलेला हक्क आहे असं ते समजून चालायचे. शेजारचा सज्जन माणूस संध्याकाळच्या वेळी जिन्यात बसून गोड आवाजात "जेवलीस का? माझी आठवण येते का?" असं विचारतोय म्हटल्यावर त्यांनी तीन आठवडे कळ काढली. चौथ्या आठवड्यात त्याला बाजूला घेतलं आणि वडीलकीच्या नात्यानं सांगितलं की शरीफासारखी बायको लाखात एक मिळते, माणसानं चुकू नये. ताहेरनं खरं काय ते सांगितलं. शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "याच्यापरीस दुसरं काय आसतं तं बरं झालं आसतं रे."

ते ताहेरला लागलं. शिव्या खायची त्याला सवय होती, शारजातल्या फोरमनच्या रोजच्याच असायच्या, पण कुणी कीव केली की त्याला जेवण जात नसे. त्या रात्री त्यानं मनाशी ठरवलं की जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, पोरीनं समोर उभं राहून अब्बा म्हणावं. बाकी या सुट्टीकडून त्याला काही नको होतं. जायला पंधरा दिवस उरले होते.

आणि दुसऱ्याच संध्याकाळी तो जिन्यात बसलेला असताना आयतनं फोनवर फर्माईश केली. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तिचा बर्थडे होता आणि तिला पिन्याटा हवा होता. ताहेरनं आधी हो म्हटलं आणि मग पिन्याटा म्हणजे काय ते विचारलं. परदेशातल्या बापांची ही रीतच असते. आयतनं समजावलं की कागदाचं मोठं पोकळ काहीतरी बनवायचं, त्याच्या पोटात चॉकलेटं भरायची, ते टांगायचं आणि डोळे बांधून काठीनं फोडायचं. ताहेर म्हणाला, म्हणजे हंडी. आयत म्हणाली, हंडीत माणसं पडतात अब्बा, यात फक्त चॉकलेटं पडतात. तो तयार मिळतो, पण तयार नको होता. तिनं बघितलेल्या व्हिडिओत एक मुलगी आणि तिचे वडील तो घरी बनवत होते, त्यामुळे तो घरीच बनवायचा होता.

मुलगी आणि तिचे वडील. ताहेर फोन बंद करून पाच मिनिटं तिथेच बसून राहिला. मग दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला आणि जुने पेपर कुठे आहेत म्हणून शरीफाला विचारू लागला.

आता ताहेर शारजात काय करायचा ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. तो पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात फायबरग्लासचं काम करायचा. साच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रसायन फासायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, पुन्हा कापड, पुन्हा रसायन. अकरा वर्षं त्यानं हेच केलं होतं. त्याची टाकी गळाली असं त्या कारखान्यात कधी झालं नव्हतं आणि टाकी तयार झाली की फोरमन तिच्यावर चढून दोनदा उड्या मारायचा. व्हिडिओ बघताना ताहेरच्या लक्षात आलं की फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे हे आपलंच काम आहे. फक्त तो व्हिडिओतला बाप पट्ट्या कशाही लावत होता. ताहेरला ते बघवेना.

पहिल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर गच्चीवर तीन पोरी जमल्या. आयत, तिची मैत्रीण जास्मीन आणि कमळाकर शेठची नात अंकिता. काय बनवायचं यावर आधी भांडण झालं. अंकिताला शिंगवाला घोडा हवा होता, जास्मीनला फुलपाखरू, आयतला मासा. बर्थडे जिचा तिचं खरं ठरलं. ताहेरनं फुगा फुगवला तो इतका गोल झाला की खळीचं पातेलं घेऊन वर आलेल्या शरीफानं बघताक्षणी सांगितलं की हे पापलेटच होणार, दुसरं काही व्हायची याची ऐपत नाही. मैद्याची खळ तिनं मस्त घोटली होती. ताहेरनं तिच्या देखत त्यात अर्धी बाटली फेविकॉल ओतला.

मग त्यानं पोरींना काम शिकवायला घेतलं आणि बोलता बोलता त्याचा पार फोरमन झाला. पट्टी कात्रीनं कापायची नाही, हातानं फाडायची, म्हणजे कडा एकमेकींत बसतात. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरका. आणि हवा. पट्टीखाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. टाकी पाण्यानं फुटत नाही, आत राहिलेल्या हवेनं फुटते, असं त्यानं बोट वर करून सांगितलं आणि तिन्ही पोरी डोळे मोठे करून ऐकत राहिल्या. शाळेत त्यांना इतकं खरं कुणी सांगत नसावं. जास्मीननं पट्ट्या फाडायच्या, अंकितानं खळीत बुडवून द्यायच्या, ताहेरनं लावायच्या आणि आयतनं अंगठ्यानं दाबत हवा काढायची, अशी कामं वाटली गेली.

अर्धा फुगा झाला असेल. आयत खाली वाकून बघत होती. माशाच्या पोटाशी एका पट्टीवर तिनं बोट ठेवलं.

"इथं हवा राहिलीय," ती म्हणाली.

अम्मी तिथे नव्हती. शरीफा केव्हाच खाली गेली होती. म्हणजे हे वाक्य थेट त्याला होतं, मधे कुणी नाही, फोन नाही. ताहेरनं ती पट्टी काढून पुन्हा लावली आणि हवा खरंच होती का हे बघायचंही त्याला सुचलं नाही. अब्बा हा शब्द त्या वाक्यात नव्हता, पण एवढ्यानंही त्याचा ऊर भरून आला आणि त्यानं नाक पुसलं ते खळीच्या हातानं.

एक थर वाळायला एक दिवस. तिसऱ्या दिवशी तिसरा थर झाला. व्हिडिओतला बाप इथे थांबला होता. तीन थर पुरे, रंगवा, भरा, टांगा, असं तो हसत हसत सांगत होता. आयतनं कोपरावरची वाळलेली खळ खरवडत वर बघितलं आणि विचारलं, "झालं?"

ताहेर हो म्हणणार होता. पण झालं म्हणजे काय होणार हे त्याला दिसत होतं. ती तिच्या खोलीत जाणार, तो सोफ्यावर बसणार आणि संध्याकाळी पुन्हा चपला घालून जिन्यात. गेले तीन दिवस दुपारचे दोन तास ती त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत होती. आज तर त्याच्या हातातली पट्टी ओढून घेत "अशी नाही, तिरकी" म्हणाली होती. म्हणून त्यानं मासा उचलून उन्हात धरला, एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाला की छे, हा तर नुसता पाया झाला.

चौथा थर पुन्हा उभा लागला. पाचव्या थराला त्याला वाटलं की नुसता कागद बरा नाही, मधे कापड हवं, म्हणून शरीफाची जुनी मलमलची ओढणी फाडून तिच्या पट्ट्या झाल्या. सहाव्याला पुठ्ठ्याचे पर आणि शेपूट बसली आणि सांध्यांवर दुहेरी थर चढला. त्या दिवशी ओढणी शोधत शरीफा गच्चीवर आली. तिनं माशावर टिचकी मारली. टिचकीचं बोट तोंडात धरून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"हे फोडायचं हाय ना शेवटी?"

ताहेर म्हणाला, फुटेल की, दहा-पंधरा पोरं असतात, न फुटायला काय झालं. शरीफा काही खुळी नव्हती. अकरा वर्षं ती या माणसाचं टाकीपुराण फोनवर ऐकत होती. ती खडसावून सांगणार होती, पण तेवढ्यात आयतनं बापाच्या खांद्यावरून वाकून माशाच्या डोळ्याजवळचा बुडबुडा दाबला आणि दाबताना हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली. शरीफानं ते बघितलं. ती खाली गेली आणि आणखी पातेलंभर खळ करून घेऊन आली.

सातव्या थराला पोरींना शाळेत खेळांचा दिवस होता. दमून आलेली आयत अर्ध्या कामातच पेंगली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ताहेर दीड तास हलला नाही. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही ते कळेना, ऊन सरकून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेलं. ती उठून गेल्यावर तो उभा राहायला गेला आणि सरळ खळीच्या पातेल्यात बसला. सुट्टीतला तो सगळ्यात चांगला दिवस होता.

नऊ थर झाले. वरच्या भोकातून फुगा फोडून काढला, शारजाहून आणलेली चॉकलेटं आत भरली आणि मग त्या भोकावर, उघडं कसं टाकायचं म्हणून, ओढणीच्या उरलेल्या तुकड्यासकट दोन थर लावले. पोरींनी माशाला चंदेरी रंग दिला आणि गुलाबी ओठ काढले. कमळाकर शेठ मुद्दाम बघायला वर आले. त्यांच्या वाडवडिलांनी खाडीत जाळी टाकलेली, त्यामुळे त्यांनी मासा सगळीकडून बघून सांगितलं की आंग पापलेटाचा हाय पन शेपूट सुरमईची लावलीय. मग दरवाजा ठोठावावा तसा तो ठोठावला आणि थर किती म्हणून विचारलं. तरुणपणी ते गोविंदा पथकात वरून दुसऱ्या थरावर उभे राहायचे. नऊ म्हटल्यावर त्यांनी माशाकडे आदरानं बघितलं.

"आमी सातच्या वर कवा नाय गेलो," ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर पताका लागल्या, केक कापून झाला, शरीफानं केलेली सांदणं आणि वडे पोरांनी फस्त केले. मासा लोखंडी पाइपाला टांगला होता. दोरी शेठनी स्वतः बांधली, कारण हंडीच्या दोरीतलं त्यांच्याइतकं या इमारतीत कुणाला कळत नव्हतं. पहिला मान आयतचा. शरीफानं तिचे डोळे बांधले, ताहेरनं रंगीत कागद गुंडाळलेली काठी तिच्या हातात दिली आणि पंधरा पोरं ओरडायला लागली. आयतनं जीव खाऊन काठी मारली. काठी मोडली.

पोरं खूश झाली. अंकितानं झाडूचा दांडा आणला, तो मोडला. मग क्रिकेटची बॅट आली. एकेका पोरानं तीन तीन फटके मारले. मासा गोल फिरायचा, झोके घ्यायचा, गुलाबी ओठांनी हसायचा आणि फिरून आला की मारणाऱ्याच्या पाठीत बसायचा. माशाला चीर गेली नाही. आतली चॉकलेटं खुळखुळायची तेवढी, आणि ते ऐकून पोरं आणखी पिसाळायची. अर्ध्या तासानं ओरडणं कमी झालं. एका पोरानं बॅट खाली ठेवून जाहीर केलं की हा खोटा पिन्याटा आहे, खरा लगेच फुटतो. दुसरा म्हणाला की त्याच्या मामाकडे बाजारातला आणला होता, तो पहिल्या फटक्याला फुटला होता. ताहेर आयतकडे बघत होता. डोळ्यांवरची पट्टी तिनं कपाळावर सरकवली होती आणि तिचा खालचा ओठ पुढे आला होता.

तेव्हा शरीफाचा भाऊ शाहीद पुढे झाला. शाहीद व्यायामशाळेत जायचा आणि ते लोकांच्या लक्षात राहावं म्हणून थंडीतही बिनबाह्यांचा बनियन घालायचा. त्यानं पोरांना मागं सारलं, बॅटची मूठ दोनदा फिरवून घेतली आणि असा एक दणका दिला की पहिल्यांदाच काहीतरी तुटलं. दोरी तुटली. मासा उडाला, कठड्यावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. क्षणभर काहीच नाही. मग खालून मोठा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ एक गाडी टींव टींव करून कोकलायला लागली.

सगळे कठड्याकडे धावले. खाली कमळाकर शेठची नवीन पांढरी गाडी उभी होती. तिच्या टपाला मोठा पोचा आला होता. मासा गाडीवरून घरंगळून चाकाला टेकून उभा होता. त्याचा एक पर किंचित मुडपला होता.

ताहेर खाली धावला तो माशासाठी नाही आणि गाडीसाठीही नाही. त्याला वर उभं राहवत नव्हतं. धावता धावता मागून पोरांचा हशा ऐकू आला आणि निघताना त्यानं एकच बघितलं होतं की आयतनं भिंतीकडे तोंड केलं आहे. त्यानं मासा उचलला आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात, आपल्या रोजच्या पायरीवर, तो मांडीवर घेऊन बसला. तो स्वतःवर इतका चिडला होता की माशाच्या पोटावर त्यानं एक गुद्दा मारला आणि मग हात झटकत बसला. तीन थरांवर थांबला असता तर पोरीच्या डोक्यावर आज चॉकलेटांचा पाऊस पडला असता. पण याला पोरीबरोबरच्या दुपारी हव्या होत्या. आपल्या हौसेपायी आपण पोरीचा दिवस घालवला, आता चार दिवसांनी विमानात बसायचं आणि ती आयुष्यभर लक्षात ठेवणार की अब्बा आले होते आणि माझ्या बर्थडेला सगळे हसले होते. घरात लोखंड कापायची पाती होती, तिनं मासा कापता आला असता. पण मैत्रिणींसमोर मासा कापत बसणं म्हणजे आणखी शोभा.

तिची माफी मागायला हवी होती. समोर जाऊन मागायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि समोर ती बोलणारही नव्हती. म्हणून त्यानं खिशातून फोन काढला आणि रोजच्यासारखा घरी लावला. शरीफाचा फोन वर गच्चीवर वाजताना त्याला ऐकू आला. वाजला आणि कट झाला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा कट. आजवर असं कधी झालं नव्हतं. आता फोनवरचाही अब्बा गेला, असं त्याला वाटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात वरून चपलांचा फटफट आवाज सुरू झाला. तिसरा मजला, दुसरा मजला, वळण. आयत समोर येऊन उभी राहिली. कपाळावर पट्टी तशीच, गालाला केक, हातात अम्मीचा फोन. धाप लागली होती आणि ती चिडली होती.

"फोन कशाला करता अब्बा? मी इथंच आहे ना."

 तिला उत्तर नकोच होतं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली, मासा ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि फोनवर बोलायची तशी सुटली. "अब्बा, सगळे हसत होते ना, ते शेठची गाडी बघून. अब्बा, गाडी चेपली, मासा नाही चेपला. तो पोरगा म्हणाला खोटा आहे, मी म्हटलं माझ्या अब्बांनी बनवलाय, माझ्या अब्बांच्या टाक्यांवर माणूस नाचतो तरी फुटत नाहीत. आता सगळ्यांना हात लावायचाय. चला ना वर." मग तिनं माशाचा मुडपलेला पर अंगठ्यानं सरळ केला आणि तिथे हवा शिरलीय का ते जवळून बघितलं. ताहेरनं तिला विचारलं की मग भिंतीकडे तोंड का केलं होतं. रडू येत होतं म्हणून, ती म्हणाली, मासा मेला असं वाटलं. हे तिनं इतकं सरळ सांगितलं की तो आधी हसला आणि मग हसता हसता रडला. तिनं त्याला डोळ्यांवर बांधायची पट्टी डोळे पुसायला दिली.

वर गेल्यावर माशाला बघायला रांग लागली. कमळाकर शेठ गाडी बघून वर आले होते आणि आता ते चिडणार म्हणून शाहीद टाकीमागे गेला होता. पण शेठचं डोकं वेगळंच चाललं होतं. जिन्यातून वर येताना वळणावर त्यांना बापलेक पायरीवर बसलेले दिसले होते आणि ते दबक्या पावलांनी मागे फिरून लिफ्टनं आले होते. त्यांनी कुणाला तरी पिटाळून दुकानातून दोन पिशव्या चॉकलेटं मागवली आणि हंडी फुटल्यावर टाकतात तशी स्वतःच्या हातानं वरून उधळली. गाडीचा पोचा त्यांनी आजतागायत काढलेला नाही. येईल त्याला ते टप दाखवतात आणि सांगतात, "ह्यो पोचा कागदाच्या माशान पारलाय."

मासा कापायचा का, असं शरीफानं रात्री जेवताना विचारलं. आयतनं साफ नाही म्हटलं. अब्बा पुढच्या वेळी येतील तेव्हा दोघं मिळून उघडतील, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. चॉकलेटांना मुंग्या लागतील म्हणून शरीफानं काळजी केली, तर बापलेक एकदमच म्हणाले की मुंगी जाणार कुठून, हवासुद्धा जात नाही.

गुरुवारी ताहेर गेला. शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर सामान लावून झाल्यावर त्यानं फोन लावला. चौकोनात आयत आली आणि तिच्या मागे कपाटावर चंदेरी पापलेट. तो वाट बघत होता की आता ती सुटेल, शाळा, डबे, मांजर. पण पोरगी गप्प. त्यानं काय झालं विचारलं, काही बिनसलं का विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"खूप गोष्टी आहेत अब्बा," ती म्हणाली. "पण फोनवर नको. तुम्ही आल्यावर सांगते."

त्यानं बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी कामावर त्याचं लक्ष नव्हतं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या टाकीत हवेचा चांगला लिंबाएवढा बुडबुडा राहिला. फोरमननं सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. ताहेरनं ती सगळी बोलणी हसत हसत खाल्ली आणि पट्टी काढून पुन्हा लावायला घेतली.